दहावीचा भूगोल : नकाशापासून उत्तराकडे

परीक्षेचा हंगाम आला, की आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी-विद्यार्थिनी संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेऊ लागतात. कोणी फीचे पैसे उभे करण्यासाठी, कोणी घरातल्या धाकट्या भावंडासाठी. गणित-इंग्रजीला आपण तासन् तास देतो आणि भूगोलाची बोळवण 'तेवढा पाठ करून टाक' या एका वाक्यात करतो. २०२० साली साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला व इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. तेव्हापासून तर 'न लिहिता पास होण्याचा विषय' अशी त्याची थट्टाही ऐकू येते. परंतु ४० गुणांच्या या पेपरात सुमारे एक-तृतीयांश गुण नकाशा व आलेख यांचे असतात, आणि ते घोकंपट्टीने मिळत नाहीत. ज्याचे गणित-इंग्रजी कच्चे आहे, त्याला हे गुण सहज हाती येण्यासारखे असतात. नेमके त्याचेच ते जातात, आणि त्यात आपल्या शिकवणीचा वाटा असतो, हे कबूल केले पाहिजे.

२०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात भारत व ब्राझील या देशांची तुलना आहे. 'ब्राझील कुठे आणि आम्ही कुठे!' ही मुलांची पहिली तक्रार, आणि ती खोटी नाही. म्हणून सुरुवात ब्राझीलपासून करूच नये; घरापासून करावी.

सातारा जिल्हा घेऊ. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६०० सेंटिमीटर पाऊस पडतो. तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, माण तालुक्यातल्या म्हसवडला ५० सेंटिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. असे का? नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात व वर चढतात. चढता चढता हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि घाटमाथ्यावर ते कोसळते. पलीकडे उतरणारी हवा उलट तापत जाते. तिच्यातले उरलेसुरले ढगही विरतात. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश. माणच्या मुलाने चाऱ्याच्या छावण्या पाहिलेल्या असतात, टँकरपुढची रांग पाहिलेली असते. पण प्रश्नपत्रिकेत 'भौगोलिक कारणे लिहा' असे आले, की तोच मुलगा गाईडमधले वाक्य आठवू लागतो! त्याचे उत्तर त्याच्या दारात उभे आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

हे एकदा पटले, की ब्राझीलकडे वळावे. तिथे समुद्र पूर्वेला आहे. अटलांटिकवरून आग्नेय व ईशान्य दिशांनी वारे येतात. उच्चभूमीच्या पूर्व कडेला, पुस्तकात ज्याला 'अजस्र कडा' म्हटले आहे, तो त्यांना अडवतो. किनाऱ्याकडील बाजू भिजते आणि कड्यापलीकडे ईशान्य भागात 'अवर्षण चतुष्कोन' कोरडा राहतो. म्हणजे कारण तेच, दिशा मात्र उलटी. आपल्याकडे पर्जन्यछाया डोंगराच्या पूर्वेला, तिकडे पश्चिमेला. पाठ करणारा विद्यार्थी हमखास इथे घसरतो. ज्याने नकाशावर समुद्र, डोंगर आणि वाऱ्याचा बाण या तीन गोष्टी काढल्या, त्याला काहीच आठवावे लागत नाही.

ऋतूंचेही तसेच. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात असल्याने तिकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो. आपल्या सवयीने तापमानाचा आलेख वाचला, तर उत्तर उलटे येते.

वेळेच्या गणिताची मुलांना उगीच धास्ती असते. एका रेखांशाला चार मिनिटे, एवढे पुरे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरची; त्याला चारने गुणले, की ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. ब्राझीलची राजधानी ब्राझीलिया येथील वेळ ग्रीनिचच्या तीन तास मागे आहे. दोन्हींची बेरीज साडेआठ तास. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा तिकडे दुपारचे बारा!

नद्या शिकवताना आधी उतार दाखवावा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही दूर नाही, तरी ती सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. कारण दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते आहे. हे कळलेला मुलगा साओ फ्रान्सिस्को नदी आधी बरीच उत्तरेकडे वाहून मग पूर्वेला का वळते, हा प्रश्न आपणहून विचारतो. माझ्या मते असा एक प्रश्न पडणे पाच उत्तरे पाठ असण्यापेक्षा मोलाचे आहे; परीक्षकाला तसे वाटो वा न वाटो.

आलेखाविषयी फार सांगण्यासारखे नाही. शीर्षक, प्रमाण आणि अक्षांची नावे विसरू नयेत, इतकेच. नकाशाचे मात्र रोजचे काम आहे. शेवटचे तीन आठवडे दररोज एक कोरा नकाशा, पुस्तक मिटून, पेन्सिलीने भरावा. प्रत्येक घटकाला निराळे चिन्ह द्यावे आणि सूची तिथल्या तिथे करावी. सूचीविना नकाशा अर्धा. मग नकाशासंग्रह उघडून चुका लाल पेन्सिलीने स्वतःच दुरुस्त कराव्यात. चुकलेली ठिकाणे दुसऱ्या दिवशी आधी भरावीत.

पुढच्या शिकवणीला पुस्तक बाजूला ठेवून भारताचा एक कोरा नकाशा पुढे घ्यावा, आणि पहिली खूण मुलाला त्याच्या स्वतःच्या गावाची करायला सांगावी. ती कुठे पडते, ते पाहावे आणि तिथून शिकवायला लागावे.