गाठीचे गणित

कर्करोग हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारीत नसे. आजीच्या छातीत गाठ होती. “दुखंना ना खुपंना, मग सांगायचं कशाला?” म्हणून तिने ती वर्षभर पदराआड लपविली. ती गेल्यावर सर्वांनी ‘भोग’ म्हटले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी; परंतु त्या शब्दाने माझे समाधान झाले नाही. म्हणून जे वाचले ते येथे मांडीत आहे.

महाराष्ट्रात या रोगाचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र संशोधनाची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एम्. एस्सी. साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. पुढे मुंबईस डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्या पीएच्. डी. झाल्या. नंतर अमेरिकेत त्यांनी जॉर्ज गाय यांच्याजवळ काम केले. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्यात गाय यांचा हातखंडा होता. मायदेशी परतून कमलताईंनी मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनांच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी व विषाणूंशी असलेला संबंध अभ्यासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

असे निरीक्षण झाले की पेशी मोजता येतात, आणि तेथून गणिताचे काम सुरू होते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. दहा वेळा दुप्पट झाल्यावर १,०२४ होतात. तीस वेळा झाल्यावर सुमारे १०७ कोटी. इतक्या पेशींची गाठ साधारण एक ग्रॅमची, टपोऱ्या हरभऱ्याएवढी असते. म्हणजे गाठ बोटाला लागते तेव्हा तीस पायऱ्या मागे पडलेल्या असतात. आणखी दहा पायऱ्यांत ती हिशेबाने किलोभर होते. प्रत्यक्षात अनेक पेशी मरतात आणि गाठ मोठी होईल तसा वाढीचा वेग मंदावतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये माणसांच्या मृत्यूचे प्रमाण वयानुसार कसे वाढते याचे सूत्र मांडले होते. त्याच सूत्राची वक्ररेषा प्राण्यांतील गाठींच्या वाढीला लागू पडते, हे अॅना लेअर्ड यांनी १९६४ मध्ये दाखविले.

आमच्या वसमतच्या मोंढ्यात हळदीचा काटा सगळे डोळ्यांत तेल घालून पाहतात. घरातल्या बाईच्या गाठीचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. गाठ दुखत नाही याचा अर्थ ती वाढत नाही असा नव्हे, एवढे जरी आम्हांला ठाऊक असते तरी आजीला आम्ही वेळेवर डॉक्टरांकडे नेले असते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईपुढे परातीत हरभरे मांडले: एक, दोन, चार, आठ. दहाव्या पायरीला डबा रिकामा झाला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती शेजारच्या काकूंना घेऊन आली आणि म्हणाली, “हिलाबी दाखव गं ते हरभरे.”