श्वसनाचे विषाणू आणि मलमार्ग

खोकला व पडसे हवेतून पसरतात, पटकी व हगवण दूषित पाण्यातून, अशी विभागणी आपण शाळेत शिकत व शिकवीत आलो आहोत. व्यवहारात ती उपयुक्त असली, तरी निसर्ग ती काटेकोरपणे पाळतोच असे नाही.

२०२० साली कोविडच्या अनेक रुग्णांच्या मलनमुन्यांत विषाणूचे अंश आढळले. काहींच्या बाबतीत घशाचा नमुना निर्दोष ठरल्यानंतरही ते आढळत राहिले. फुप्फुसांप्रमाणे आतड्यांच्या पेशींतही शिरण्याचे द्वार या विषाणूस उपलब्ध असते, हे त्याचे कारण होय.

अंश म्हणजे संसर्ग नव्हे

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेतील चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा शोधते. विषाणू जिवंत आहे किंवा नाही, हे ती सांगत नाही. खळ्यात फोलपट दिसले म्हणून पेरणीयोग्य बियाणे मिळाले असे होत नाही. मलातून जिवंत विषाणू क्वचितच हाती आला आहे. कोविडचा मुख्य मार्ग हवा हाच आहे; मल-मुखमार्गाने माणसांत त्याचा प्रसार झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

तथापि शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण आढळले. मोरीच्या नळ्यांतील जलबंद कोरडे पडल्याने मैल्याचे सूक्ष्म तुषार घरांत शिरले असावेत, असा निष्कर्ष तपासात निघाला. पाणपक्ष्यांत तर इन्फ्लुएन्झाचा विषाणू आतड्यांत वाढतो आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा या रोगाची ओळख महाराष्ट्रास झाली.

याच ज्ञानाचा विधायक उपयोगही होतो. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओच्या विषाणूचा शोध २००१ पासून घेतला जाऊ लागला; पुढे पुण्यात कोविडचाही माग सांडपाण्यातून काढण्यात आला.

करमाळ्यासाठी बोध

करमाळा तालुक्यास उजनीच्या जलाशयाचा शेजार लाभला आहे. तेथे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. आषाढी वारीत संत निवृत्तिनाथांची पालखी याच तालुक्यातून पंढरीस जाते. एकेकाळी वारीबरोबर पटकी गावोगाव पोहोचत असे, हे जुन्या पिढीस ठाऊक आहे.

म्हणून ग्रामपंचायतींनी जलबंद संडास, बंदिस्त गटारे व पाण्याचे शुद्धीकरण यांकडे लक्ष पुरवावे. मुक्कामाच्या गावी शौचालयांपाशी पाणी व साबण असावा. शिक्षकांनी मुलांना शौचानंतर व जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी. मेलेले पक्षी आढळल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. खोकणाऱ्याने तोंड झाकणे व खोल्या हवेशीर ठेवणे हे तर हवेच.

शास्त्रज्ञांचा निर्णय येईपर्यंत साबणाने थांबण्याचे कारण नाही. विषाणू कोणत्याही वाटेने येवो, स्वच्छ हात आणि शुद्ध पाणी कधीही वाया जात नाही.