चारही चाकांची ओढ आणि यंत्राची सहनशक्ती



पत्रास कारण की, चिरंजीव भाच्याने चारही चाकांना ओढ असलेली जुनी रेनो डस्टर घेतल्याचे आणि येत्या पावसाळ्यात थार नि जिप्सी बाळगणाऱ्या मित्रांच्या मागोमाग ती मावळातल्या व कोकणातल्या कच्च्या वाटांवर घालण्याचा बेत केल्याचे घरून कळले. बेतात गैर काही नाही आणि गाडीची निवडही शहाणपणाची आहे; परंतु थार आणि डस्टर या दोन्ही गाड्या चारही चाकांनी ओढणाऱ्या म्हणवल्या जात असल्या तरी त्यांच्या पोटातली यंत्रे निराळी आहेत, आणि जी चढण एकीला सहज जाते ती दुसरीचा क्लच जाळू शकते, हे निघण्यापूर्वी नीट उमगलेले असावे, म्हणून पत्र लांबले तरी ते शेवटपर्यंत वाचावे.

भारतात २०१४ साली विक्रीस आलेल्या या डस्टरचे दीड लिटरचे डिझेल इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले असते आणि त्याची ओढ मुळात पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्सला जोडलेल्या एका लहान पेटीतून ती काटकोनात वळून गाडीखालच्या लांब प्रॉपेलर शाफ्टमध्ये जाते आणि मागच्या चाकांत ओढ वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या तोंडाशी येते. तिथे पातळ चकत्यांचा एक क्लच असतो, त्याला कपलिंग म्हणतात, आणि विद्युतचुंबकाच्या जोराने त्या चकत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या तरच मागची चाके ओढू लागतात. चकत्या किती दाबायच्या, हे चाकांच्या वेगांतला फरक मोजणारा संगणक ठरवतो. गाडीतला खटका ‘लॉक’वर फिरवला तरी दात्यात दाता अडकत नाही, त्याच चकत्या अधिक जोराने दाबून धरल्या जातात एवढेच, आणि गाडीने ठरावीक वेग ओलांडला की तो दाबही आपोआप सुटतो. थारमध्ये किंवा जिप्सीत मात्र ट्रान्स्फर केसचा दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट पोलादी दात्यांनी एकमेकांशी जखडले जातात, आणि त्याच दांड्याच्या पुढच्या टप्प्यावर लो रेंज मिळते, म्हणजे सगळे गिअर बरेच आखूड होऊन चाकांवरचा जोर त्या प्रमाणात वाढतो आणि वेग त्या प्रमाणात उतरतो. हा फरक आकारमानाचा किंवा किमतीचा नाही; सोव्हिएत संघात १९७७ साली बनू लागलेली लाडा निवा डस्टरहून लहान आणि कितीतरी साधी होती, तिला वेगळी चौकटही नव्हती, तरी लो रेंज आणि मधल्या डिफरन्शियलचा लॉक या दोन्ही सोयी तिच्यात पहिल्यापासून होत्या. डस्टरच्या रचनाकारांनी त्या जाणूनबुजून वगळल्या, कारण त्यांच्या नजरेसमोरचा ग्राहक वर्षातले बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर चालणारा होता आणि त्याला ओल्या घाटात, बर्फात किंवा शेताच्या वाटेवर थोडा वेळ मदत हवी होती.

मदत थोड्याच वेळेपुरती अपेक्षित असल्यामुळे अशा गाडीची खरी मर्यादा बहुतेक वेळा ताकदीची नसते, ती उष्णतेची असते, आणि नवख्या चालकाच्या लक्षात नेमकी हीच गोष्ट येत नाही. चकत्या पूर्ण दाबलेल्या असताना त्या एकसंध फिरतात व तापत नाहीत. पण पुढची चाके चिखलात गरगरत असतात, मागची जागीच रुतलेली असतात, आणि या दोन्ही वेगांतला फरक चकत्यांच्या घासण्यातून भरून निघतो, तेव्हा इंजिनाची ताकद गाडी पुढे नेण्याऐवजी त्या लहानशा डब्यात उष्णता होऊन साठते. तेल तापते, चकत्या तापतात, आणि संगणक यंत्र वाचवण्यासाठी कपलिंग मोकळे करून गाडीला पुन्हा केवळ पुढच्या चाकांवर आणतो. अशा वेळी डॅशबोर्डवर दिवा लुकलुकू लागला म्हणजे गाडीत बिघाड झाला असे समजून घाबरू नये आणि तो दिवा दुर्लक्षून रेसही वाढवू नये. गाडी थांबवून इंजिन संथ चालू ठेवावे, कपलिंग निवेपर्यंत वाट पाहावी, आणि त्या वेळात चाकांपुढचा चिखल फावड्याने काढावा. रुतलेल्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबून धरणे हा यंत्र मारण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे, आणि तो टाळण्यासाठी फावड्याहून महाग असे कोणतेही साधन लागत नाही.

हीच गोष्ट पायाखालच्या मुख्य क्लचची. लो रेंज नसल्याची थोडी भरपाई म्हणून या डस्टरला पहिला गिअर मुद्दाम आखूड दिलेला आहे, इतका की इंजिनाचे मिनिटाला १००० फेरे होत असताना गाडी ताशी सुमारे ५.८ किलोमीटरने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, सरकते. म्हणूनच सपाट रस्त्यावर ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तरी चालते. परंतु मोठ्या दगडांवरून चाक चढवायचे असेल तर हा वेगही जास्त ठरतो, शिवाय टर्बो असलेल्या डिझेल इंजिनाचा खरा जोर फेरे काहीसे वाढल्यावरच जागा होतो, आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेला चालक नकळत हाफ क्लचवर गाडी पेलून धरतो. मिनिटाभराच्या अशा पेलण्याने जळका, उग्र वास गाडीत शिरतो. तो वास आला की चढण सोडून द्यावी, गाडी सपाटीवर आणावी आणि क्लच थंड होईपर्यंत पुन्हा प्रयत्न करू नये; मित्र वरून ‘अजून थोडं, अजून थोडं’ असे ओरडत असले तरीही. वाट पुढे जाऊन पायी पाहावी, चाके कुठून न्यायची ते ठरवावे, आणि क्लच पूर्ण सोडून गाडी चढणार नसेल तर ती चढण या गाडीची नाही असे मानावे.

दुसरी मर्यादा डिफरन्शियलची आहे, आणि तिचे कारण समजले की निम्मे प्रसंग टळतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून एकाच आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची रचना म्हणजे डिफरन्शियल. साधे, लॉक नसलेले डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, त्यामुळे एक चाक हवेत लटकून ते फिरवायला जोरच लागेनासा झाला की जमिनीवर टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तितकाच नगण्य जोर मिळतो. चर तिरका ओलांडताना डस्टरचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली चाके एकाच वेळी अधांतरी होतात, कारण तिच्या स्वतंत्र सस्पेन्शनचा खाली-वर जाण्याचा आवाका मर्यादित असतो, आणि मग चार चाकांची ओढ असूनही गाडी इंचभर हलत नाही. इथे ट्रॅक्शन कंट्रोल उपयोगी पडते: गरगरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, त्या चाकाला फिरायला जोर लागू लागतो, आणि तेवढाच जोर पलीकडच्या चाकापर्यंत पोहोचतो. चाक फिरताच बिचकून पाय उचलणारा चालक या यंत्रणेला काम करण्याची संधीच देत नाही. त्याने अॅक्सिलरेटर वाढवू नये, कमीही करू नये, दोन-तीन सेकंद स्थिर धरावा, आणि ब्रेकची खरखर ऐकू येत गाडी हळूच पुढे सरकते का ते पाहावे. न सरकल्यास लगेच थांबावे, कारण आता ब्रेकही तापू लागलेले असतात. त्याहून बरे म्हणजे चर शक्य तिथे असा ओलांडावा की पुढची दोन्ही चाके जवळजवळ एकदमच खाली उतरतील, किंवा खळग्यात दगड रचून चाकाला टेकायला जागा करावी.

पुढचे चाक पूर्ण वळवलेले असताना आणि गरगरत असताना त्याला अचानक पकड मिळाली, तर सगळा धक्का अॅक्सलच्या टोकाच्या सांध्यावर येतो आणि तो सांधा तुटू शकतो, म्हणून अडचणीत स्टिअरिंग शक्य तेवढे सरळ ठेवावे. पोटाखालची जागा भारताच्या बाजारातील या डस्टरमध्ये २१० मिलिमीटर सांगितली जाते खरी. पण पाच माणसे आणि सामान भरले की ती आपोआप कमी होते, आणि खडक पहिल्यांदा लागतो तो इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला किंवा सायलेन्सरला. चेंबरखाली पोलादी पत्रा बसवून घ्यावा.

टायरकडे मात्र जास्त लक्ष द्यावे, इतके की वाढीव दिवे आणि छतावरचे कॅरिअर घेण्याआधी पैसा टायरवर खर्च करावा. रस्त्यावर ३२-३३ पीएसआय असणारी हवा वाळूत १८-२० पर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो आणि रुतणे टळते. त्याहून फार खाली गेल्यास तो रिमवरून सुटण्याचा धोका असतो, आणि डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर नेहमी जवळ बाळगावा. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले असणे कपलिंगवर चालणाऱ्या गाडीत विशेष आवश्यक ठरते. तीन झिजलेले आणि एक नवा अशी जोडणी केल्यास चाकांच्या परिघात फरक पडतो, आणि सरळ रस्त्यावरही चकत्या सतत घासत राहू शकतात.

ओढ्याबाबत दया करावी ती इंजिनावर. हवा ओढण्याच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर, हवेसारखे ते दाबले जात नसल्यामुळे, पिस्टनची कनेक्टिंग रॉड वाकते आणि इंजिन एका क्षणात निकामी होते. म्हणून चाकाच्या निम्म्याहून वर जाणारे किंवा वाहते पाणी पायी अजमावल्याशिवाय ओलांडू नये, आणि गाडी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. गोव्यात ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या छतापर्यंत हवेची नळी, विंच आणि डिफरन्शियलचे लॉक लावून उतरतात. त्यांची छायाचित्रे पाहून डस्टरचे माप ठरवू नये.

चढण अर्ध्यावर सुटली तर गाडी आडवी वळवण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण कलंडण्याचे प्रसंग त्याच क्षणी येतात. ब्रेक दाबून रिव्हर्स टाकावा, क्लच सोडावा, आणि स्टिअरिंग सरळ ठेवून इंजिनाच्या रोधावर मागे यावे. उतारावरही पहिला गिअर असावा आणि क्लचवर पाय नसावा. दुसऱ्या गाडीने ओढून काढायची वेळ आली तर अधिकच सावध राहावे: बंपरमधले झाकण काढून पिळून बसवायचा हुक बंद पडलेली गाडी सरळ रस्त्यावर ओढण्यासाठी असतो, रुतलेली गाडी ताणणाऱ्या पट्ट्याने हिसका देऊन काढण्यासाठी नसतो, आणि हिसक्याने तुटलेला हुक माणसाचा जीव घेऊ शकतो. आधी चाके मोकळी करावीत, हळू ओढावे, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कोणालाही उभे राहू देऊ नये. याबाबतीत मित्रांची भीड मुळीच धरू नये, ही मामाची कळकळीची विनवणी आहे.

वाट कोणती निवडावी, हाही यंत्राइतकाच गंभीर विषय आहे. सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, मातीचा थर जेमतेम काही इंचांचा असतो आणि त्यात पावसाळ्यापुरती उगवणारी झाडे इतरत्र सहसा आढळत नाहीत. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत आले ते याच संपदेमुळे, आणि ओल्या सड्यावर टायरने पाडलेला चर लवकर बुजत नाही. बैलगाडीची वाट जिथे संपते तिथे गाडीनेही संपावे. राखीव वनात परवानगीविना शिरणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. कोकणातल्या पुळणीवर रुतलेल्या गाडीला भरतीचे पाणी वेळ देत नाही आणि खारे पाणी वायरिंगला सोडत नाही.

परतल्यावर गाडी धुऊन घ्यावी, विशेषतः खालून, आणि मग गुडघे टेकून पुढच्या दोन्ही अॅक्सलच्या सांध्यांवरच्या काळ्या रबरी बुटावरून बोट फिरवावे: घडीत चीर असेल तर बोटाला काळे ग्रीस लागते, आणि तो बूट तेव्हाच बदलला तर सांधा वाचतो, न बदलल्यास आत माती जाऊन वळताना कटकट आवाज येऊ लागतो. खोल पाण्यातून गेल्यास मागच्या डिफरन्शियलचे आणि पुढच्या त्या लहान पेटीचे तेल गॅरेजमध्ये तपासून घ्यावे. तापलेल्या पेटीवर गार पाणी पडले की आतली हवा आकसून ती पाणी आत ओढते, आणि तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा दिसला तर ते लगेच बदलावे. पुढच्या पेटीत तेल मुळात थोडेच असते, त्यामुळे ते लवकर थकते. गॅरेजवाला ‘याला आयुष्यभर हात लावायचा नाही’ म्हणाला तरी कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाडीत ते वेळेआधी बदलण्याचा आग्रह धरावा. बुटाची आणि तेलाची तपासणी झाल्याचे कळवावे. तोवर घाटमाथ्यावरची पुढची फेरी ठरवू नये.

 

मामा