धुराच्या नळीतले दोन पहारेकरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे गेलो होतो. त्यांच्या दहा वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा सारखा पेटलेला असे. गाडीचा पिकअप मंदावला म्हणून महिन्यापूर्वी एका गॅरेजमध्ये नेली, तर तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून साधी नळी जोडून दिली. "मायलेज वाढेल म्हणाला, ते तर घटलं! तू इंजिनिअरिंगला आहेस ना? सांग बघू," मामा म्हणाले. त्यांना दिलेले उत्तरच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, हे आपण बारावीपर्यंत शिकलोच आहोत. कन्व्हर्टरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, असंख्य बारीक छिद्रांची एक वीट असते व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करणे, न जळलेले पेट्रोल जाळणे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतील ऑक्सिजन काढून घेणे, ही त्याची तीन कामे. शिसे हा या थराचा वैरी. म्हणूनच १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावे लागले.

आता गंमत अशी की, पहिल्या दोन कामांना ऑक्सिजन द्यावा लागतो, तर तिसऱ्यात तो काढून घ्यावा लागतो. ही परस्परविरोधी कामे एकाच वेळी साधायची, तर १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण काटेकोर राखावे लागते. ते राखण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवितात. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम आला. साध्या प्रकारच्या सेन्सरमध्ये झिर्कोनियाच्या टोपीला बाहेरून धूर व आतून स्वच्छ हवा लागते. पेट्रोल जास्त झाले की सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की सुमारे ०.१ व्होल्ट दाब मिळतो. त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करीत राहतो, त्यामुळे हा आकडा सतत खालीवर होतो.

हा झाला पहिला पहारेकरी. दुसरा कन्व्हर्टरच्या पलीकडे बसलेला असतो. विटेवरील सिरियमचे ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठविते व तुटवडा पडला की परत देते. ओढ्याचे पाणी उसळत धरणात येते, पण धरणाखालच्या कालव्यात संथ वाहते, तसेच हे. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर आकडा दाखवितो. धरणच काढले तर कालवाही उसळणार! मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो, संगणक दोन्ही ताडून पाहतो आणि दिवा पेटवितो. स्कॅनर लावला, तेव्हा मामांच्या गाडीत 'पी ०४२०' हाच संकेत निघाला. कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली, असा त्याचा अर्थ.

मग मायलेज का घटले? पेट्रोलचे प्रमाण मुख्यतः पुढचा सेन्सर ठरवितो, तेव्हा मागच्याला एवढा दोष देता येत नाही. नळीखाली वाकून पाहिले, तो पुढच्या सेन्सरलगतच्या वेल्डिंगला काजळी धरलेली फट! धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो व दोन ठोक्यांमधल्या ओढीने अशा फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटते हवा जास्त झाली, आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवितो.

मागचा सेन्सर नळीबाहेर थोडा उचलून दिवा विझविण्याची युक्तीही काही ठिकाणी करतात. ती निव्वळ फसवणूक होय. दिवा नेहमीच पेटलेला असणे तितकेच वाईट; उद्या दुसरा बिघाड झाला तर कळणार कसे?

मूळ दुखणे वेगळेच होते. स्कॅनरने एका सिलिंडरचे मिसफायरही दाखविले. ठिणगी नीट पडली नाही की कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, वीट वितळते, छिद्रे बुजतात आणि पिकअप जातो. चांगला कन्व्हर्टर इंजिनाला फारसा अडवीत नाही. अडवितो तो बुजलेला. तेव्हा आधी इग्निशन कॉइल व प्लग, आणि मगच नवा कन्व्हर्टर, असा क्रम हवा होता. त्यातील धातूंमुळे जुन्या तुकड्यालाही भंगारात चांगली किंमत येते. तो कुठे गेला, हे मामांनी विचारलेच नव्हते!

खर्च वाचला असे म्हणावे, तर तो दुसऱ्याच्या छातीवर पडतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलात असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

मामांनी कॉइल बदलली, नवा कन्व्हर्टर बसविला. दिवा विझला. ताप आला असता तापमापक फोडू नये, एवढेच या यंत्राचे आपल्याला सांगणे आहे.