उधारीचा दावा आणि आपली वही

लहानशा येण्यासाठी वकील देणे परवडत नाही, म्हणून कित्येक व्यापारी बंधू ती रक्कम बुडीत खाती टाकतात. वस्तुतः दिवाणी कोर्टात आपला दावा स्वतः चालविण्याची मुभा पक्षकारास आहे. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी.

वहीत लिहिले म्हणजे येणे सिद्ध झाले, असा आपल्या पेढ्यांवर दृढ समज आहे. कायदा तसे मानीत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३४ हेच सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ हेच सांगते. नियमित ठेवलेली वही पुराव्यात येते, परंतु केवळ तिच्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. जोडीस माल पोचल्याचे सहीचे चलन किंवा पत्र हवेच. आणि ती सही हमालाची नसावी, गिऱ्हाइकाची वा त्याच्या मुनिमाची असावी.

दुसरी गोष्ट मुदतीची. वायदा ठरला नसेल तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे माल दिल्यापासून ३ वर्षे. ठरला असल्यास तो संपल्यापासून. भिडेखातर ही वर्षे सहज निघून जातात. त्यांच्या आत ऋणकोने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने धरली जाते; उशिरा घेतलेल्या कबुलीने तसे होत नाही. दर दिवाळीस खाते उतरवून देताना खाली तारखेसह सही घ्यावी, ती याकरिता.

पेढी भागीदारीची असल्यास दाव्यापूर्वी तिची नोंदणी पाहावी. नोंदणी नसलेल्या पेढीस १९३२ च्या भागीदारी कायद्याने १०० रुपयांवरील उधारीचा दावा आणता येत नाही.