निवडुंगाचें कलम व खुंटाची निवड

आंब्याचें कलम सर्वांस परिचित आहे. परंतु निवडुंगाचेंही कलम होतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. हिरव्या तिधारी दांड्यावर तांबडा चेंडू ठेवावा तसा दिसणारा निवडुंग वाचकांनीं रोपवाटिकेंत पाहिला असेल. तें झाड एक नसून दोन आहेत. वरच्या गोळ्यांत हरितद्रव्य नसल्यामुळें त्यास स्वतःचें अन्न करतां येत नाहीं. नुसता मातींत लावल्यास तो उपाशी मरावयाचा. १९४१ सालीं जपानांत एइजी वातानाबे यांस अशीं तांबडीं रोपें आढळलीं, व तीं कलमामुळेंच जगलीं.

कलम कोरड्या हवेंत, झाड वाढीस लागलें असतां करावें. धारदार सुरी स्पिरिटनें पुसून खुंटाचा शेंडा व वरच्या रोपाचा तळ सपाट कापावा. दोहोंच्या मध्याजवळ रसवाहिन्यांचें एक वर्तुळ दिसतें. सारी मेख येथेंच आहे: हीं वर्तुळें कोठें तरी एकमेकांस भिडलींच पाहिजेत. तीं लहानमोठीं असल्यास वरचा तुकडा किंचित् बाजूस सरकवून बसवावा. खुंटाच्या कडाही तिरप्या छाटाव्या, नाहीं तर वाळतांना मध्यभाग खोल जाऊन जोड सुटतो. मग रबरानें बांधून एक-दोन आठवडे सावलींत ठेवावें. कापावर पाणी पडूं देऊं नये.

आतां खुंट कोणता घ्यावा? तांबड्या गोळ्याखालीं बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाची कांडी असते. हा वेल हल्लीं सांगली-सोलापुराकडे लावतात, म्हणून कांडी मिळणें सोपें. वाढ झपाट्यानें होते. पण हा खुंट थंडी सोसत नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं थकला कीं गोळा नव्या खुंटावर चढवावा लागतो. पेरेस्कियॉप्सिस नांवाच्या बारीक, पानें असलेल्या निवडुंगावर कांहीं आठवड्यांचीं इवलीं रोपेंही धरतात व वर्षांची वाढ महिन्यांत उरकतात. अशीं फुगविलेलीं झाडें आम्हांस मात्र फारशीं रुचत नाहींत. ट्रायकोसेरियसचा जाड खांब सावकाश वाढवितो, पण टिकतो. झाड दीर्घकाळ ठेवावयाचें असल्यास आम्ही तोच घेऊं.

कुंपणाचा त्रिधारी निवडुंग मात्र खुंट म्हणून मुळींच चालत नाहीं. नांव निवडुंगाचें असलें तरी त्याचें कुळ एरंडाचें. त्यावर खरा निवडुंग धरत नाहीं. कापतांच त्यांतून पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून मुलांनीं त्यावर सुरी चालवूं नये.