नवी मोटर बसवली, तरी काच खालीच! (गाडीच्या दारातून 'विभवांतर' शिकताना)



दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा शिकवून झाला होता. विद्युत चलित्राची आकृती सगळ्यांनी वहीत काढली, भागांना नावं दिली. तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, चलित्राला विद्युतधारा दिली की ते फिरतं ना? मग आमच्या गाडीत नवी मोटर टाकली तरी काच वर का येईना?"

त्याच्या वडिलांकडे जुनी पिकअप आहे. संगमनेर तालुक्यातल्या वस्त्यांवरून दूध गोळा करून ते संकलन केंद्रावर पोचवतात. गाडीच्या दोन्ही काचा बटणावर चालणाऱ्या. ड्रायव्हरकडची काच खाली गेली ती वर येईना, आणि डावीकडचीही बंद पडली. एका गॅरेजमध्ये "मोटर गेली" असं सांगून नवी बसवली. पैसे गेले, काच तिथंच. वडील पावसात भिजत गाडी चालवत होते. त्यात डावं दार आतून उघडत नव्हतं, धाकट्या बहिणीला ड्रायव्हरच्या बाजूनं उतरवावं लागे.

मी लगेच उत्तर दिलं नाही. "शनिवारी वडिलांना गाडी घेऊन यायला जमेल का, विचार," एवढंच म्हणालो. ते आले आणि शाळेच्या मैदानावर आमचा धडा पुन्हा एकदा झाला.

काच वर-खाली कशी होते?

दाराच्या आत 12 व्होल्टवर चालणारी एक लहान मोटर असते. तिच्या दांड्यावरचा वर्म गिअर एक दातेरी चाक फिरवतो आणि रेग्युलेटर काचेला वर-खाली नेतो. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून बंद पडलेली काच हातानं ढकलून हलत नाही.

मोटरला दोनच वायरी असतात. बटण दाबलेलं नसताना दोन्ही वायरी अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या असतात. बटण वर दाबलं की एका वायरीत धन टोक येतं आणि दुसरी अर्थलाच राहते. खाली दाबलं की याच्या उलट. धारेची दिशा बदलली की फिरण्याची दिशा बदलते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम इथं रोज हजर असतो!

आधी प्रश्न, मग पाना

दार उघडण्याआधी मुलांना फळ्यावर चार प्रश्न लिहून दिले.

1. एकच काच बंद आहे की दोन्ही? एकच असेल तर दोष बहुधा त्या दाराजवळ. दोन्ही असतील तर दोष दोघींच्या सामाईक वाटेवर: फ्यूज, मुख्य बटण किंवा अर्थ.
2. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो का? आवाज येतो पण काच हलत नाही, म्हणजे रेग्युलेटर तुटला किंवा सुटला.
3. काच एकाच दिशेनं चालते का? तसं असेल तर मोटर बहुधा ठीक आहे, बटण तपासा. मात्र वर येताना काचेचं वजन आणि रबराचं घर्षण दोन्ही आडवं येतं, हेही लक्षात ठेवा.
4. डावी काच तिच्या स्वतःच्या बटणानं चालते का? चालत असेल तर ड्रायव्हरकडच्या बटणावर संशय घ्या.

आमच्या गाडीत दोन्ही काचा कुठल्याच बटणानं हलत नव्हत्या, आवाजही नव्हता. फ्यूज शाबूत होता. एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, दोन्ही मोटरी एकदम कशा जातील?" माझ्या मते निम्मा शोध तिथंच लागला.

मीटर काय बोलला

दाराचं पॅड काढलं. मोटर जोडलेलीच ठेवून बटण दाबलं. मल्टिमीटरचं काळं टोक बॉडीला, लाल टोक मोटरच्या पहिल्या वायरीला: सुमारे 12 व्होल्ट. "वीज आहे!" पोरं ओरडली. मग लाल टोक दुसऱ्या वायरीला: तिथंही सुमारे 12. आता मीटरची दोन टोकं मोटरच्या दोन वायरींना लावली: जवळजवळ शून्य!

सगळे गप्प. वीज दोन्हीकडे आहे, तरी मोटर उभी.

मित्रांनो, 'विभवांतर' हा शब्द आपण वर्गात शिकवतो, पण त्यातलं 'अंतर' मुलांना इथं दिसलं. दोन टाक्यांत पाणी सारख्याच उंचीवर असेल तर मधल्या नळीतून पाणी वाहील का? दुसऱ्या वायरीला परतीची वाट नव्हती. परिपथ अपूर्ण, म्हणून धारा शून्य. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला लावून वायर तपासली तर दिवा लागतो, कारण दिव्याला बॉडीतून परतीची वाट मिळते. मग "सप्लाय येतोय, म्हणजे मोटरच खराब" असं वाटणं साहजिक आहे. चूक मोटरमध्ये नव्हती, प्रश्न अर्धाच विचारला गेला होता.

परतीची वाट शोधत आम्ही दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीपाशी आलो. नळी सरकवली तर अर्थची वायर आतून तुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. का तुटली? मुलांकडून हिशोब करून घेतला. दूध गोळा करताना दार दिवसाला 40 वेळा उघडतं असं धरलं, तर वर्षाला 14,600 वेळा ती वायर वाकते. मुख्य बटणं ड्रायव्हरच्या दारात, डाव्या काचेची वायरही त्याच बटणांमधून अर्थला जाणारी. म्हणून एक वायर तुटली आणि दोन्ही काचा बंद पडल्या.

दुरुस्ती करताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नये. जोड जर वाकणाऱ्या जागीच आला तर पुन्हा तुटतो. बारीक तारांची लवचीक वायर घेऊन दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक दारात आणि एक बॉडीत येईल असे ठेवले. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. बटण दाबलं, काच वर! वडील काहीच बोलले नाहीत, दोनदा वर-खाली करून पाहिली फक्त.

लॉकचं काय?

सेंट्रल लॉकमध्येही अशीच लहान मोटर असते. तिला क्षणभर धारा मिळते, उलट दिशेला उलट धारा. आधी हिचाही रॉड सोडवून पाहिलं. मोटर मोकळी छान हलत होती, म्हणजे विजेचा दोष नाही. लॉकमध्ये धूळ आणि वाळलेलं ग्रीस घट्ट बसलेलं, आणि आतल्या हँडलच्या रॉडची प्लॅस्टिक क्लिप तुटलेली. साफसफाई, थोडं ग्रीस, नवी क्लिप. काम झालं.

काच हळू चालत असेल तर

इथं ओहमचा नियम वापरा. समजा गंजलेल्या जोडाचा रोध 0.5 ओहम आहे आणि धारा 6 अँपिअर. जोडावरच 0.5 × 6 = 3 व्होल्ट खर्च होतात, 12 पैकी मोटरला 9 उरतात. शिवाय जोडात 6 × 6 × 0.5 = 18 वॉट उष्णता तयार होते, म्हणून कनेक्टर वितळतो. मोटर काढून मोजलं तर मीटर मात्र पूर्ण 12 दाखवतो, कारण तेव्हा धाराच नसते. म्हणून मोजमाप बटण दाबून, मोटर जोडलेली असतानाच करावं.

सावधगिरी

- 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरी शॉर्ट झाली तर भाजतं. अंगठी, कडं काढून ठेवा. वायर जोडताना बॅटरीचं ऋण टोक सोडवा.
- मोटर काढण्याआधी काच टेपनं वर बांधा. रेग्युलेटरमध्ये बोटं नकोत.
- फ्यूज जेवढ्या अँपिअरचा असेल तेवढाच टाका. त्याजागी तार कधीच नको.
- पालकहो, एकही दार आतून उघडत नसेल तर ती दुरुस्ती पुढे ढकलू नका. उन्हात बंद गाडीत मूल क्षणभरही ठेवू नका. आतलं हँडल कसं ओढायचं आणि अडकल्यास हॉर्न कसा वाजवायचा हे मुलांना शिकवा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलं असेल तर ती आतून उघडत नाहीत, हेही सांगा.

स्वाध्याय

1. मोटरच्या दोन्ही वायरींवर 12 व्होल्ट असूनही ती का फिरत नाही?
2. फक्त डावी काच बंद आहे, तीही फक्त ड्रायव्हरच्या बटणानं. दोष कुठे शोधाल?
3. घरातली बंद पडलेली एक वस्तू निवडा. ती न उघडता विचारता येतील असे चार प्रश्न लिहा.

प्रश्न विचारणारा तो मुलगा लेखी परीक्षेत जेमतेम पास होतो. पण त्या दिवशी वायरीचा माग त्यानंच काढला. आयटीआयचा 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करता येतो, हे मी त्याच्या वडिलांना सांगितलं. वाहनांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला आहे, हे ऐकून त्याला नवल वाटलं. "सर, तिथंबी मीटर असंच लावत्यात का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, मीटर मोठे असतील, पण प्रश्न असेच विचारावे लागतात.

आपल्या शाळेच्या आसपासही अशी एखादी बंद पडलेली गाडी असेलच. पुढच्या शनिवारी तिला बोलावून पाहा.